हॅवरकॅम्प कोचच्या अंगणातले बोर्ड

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, टॅल्मन कॉलेजच्या प्रेसिडेंट डॉ. मेरेडिथ क्विलन मॅडम, व्यासपीठावर विराजमान असलेले, आपल्या फुटबॉल समितीचे तहहयात अध्यक्ष आणि ज्यांचं नाव मैदानातल्या स्कोअरबोर्डवर स्कोअरपेक्षा मोठ्या अक्षरांत झळकतं ते श्रीयुत रॉयस लुंडग्रेन, आपल्या लुथरन चर्चचे पास्टर ग्रूव्ह, आजचे सत्कारमूर्ती, सव्वीस हंगाम आपल्या संघाचे मुख्य कोच राहिलेले डेल्बर्ट हॅवरकॅम्प, पहिल्या रांगेत बसलेल्या, आणि खरं तर इथे वर बसायला हव्या होत्या अशा अर्लीनवहिनी, आजी-माजी खेळाडू, आणि मागच्या टेबलावरच्या हॅमच्या नि चेरी पायच्या वासानं केव्हाच अस्वस्थ झालेल्या माझ्या गावकरी बंधू-भगिनींनो,

मॅडमनी मला सात मिनिटं दिली आहेत. आता सव्वीस वर्षं सात मिनिटांत कशी बसवायची? पण ठीक आहे. आपल्या संघानं शेवटच्या सात मिनिटांत काय काय घालवलेलं आहे, हे आपण सगळे जाणतोच.

नवीन मंडळींसाठी माझी ओळख करून देतो. मी व्हर्न टीग्लर. मेन स्ट्रीटवर टीग्लर हार्डवेअर आहे ना, ते माझं. खिळे, रंग, बियाणं, उंदराचे पिंजरे. फुटबॉल मी आयुष्यात कधी खेळलो नाही. त्यामुळे मला त्यातलं सगळं कळतं. माझ्यासारखेच चारशे तज्ज्ञ आज या हॉलमध्ये जमलेले पाहून माझा ऊर भरून आला आहे.

निमंत्रणावर छापलंय, की कोच 'स्वेच्छेने निवृत्त' होत आहेत. छान शब्द आहे. ही आपली स्वेच्छा कोचना नोव्हेंबरमधल्या एका सोमवारी, सकाळी पावणेआठ वाजता, मॅडमच्या ऑफिसात समजली. रागावू नका मॅडम, तुम्ही कॉफी विचारलीत हेही कोचनी आवर्जून सांगितलंय. त्याच्या आधीच्या मंगळवारी समितीनं पत्रक काढलं होतं, 'कोचवर आमचा पूर्ण विश्वास आहे.' बाहेरगावच्या माणसाला हे वाचून वाटेल, वा, काय भाग्यवान कोच! पण आपण इथले. समितीनं पूर्ण विश्वास दाखवला, की कोचच्या बायकोनं रिकामी खोकी गोळा करायला घ्यावीत, एवढं आपल्याला कळतं. अर्लीनवहिनी बुधवारीच दुकानात आल्या होत्या. मी त्यांना नऊ खोकी दिली.

कोच आपल्याकडे आले अठ्ठ्याण्णव सालच्या जूनमध्ये. चौतीस वर्षांचा माणूस, बरोबर वहिनी, एक खटारा व्हॅन आणि मागच्या सीटवर पिंजऱ्यात दोन कोंबड्या. लुंडग्रेनसाहेबांनी तेव्हा याच हॉलमध्ये भाषण केलं होतं, "या माणसात मला आपलं भविष्य दिसतं." साहेब, तुम्हाला ते भविष्य सप्टेंबरपर्यंत दिसलं. पहिल्या हंगामात आपण दहापैकी नऊ सामने हरलो.

मग आपण सगळे कोचच्या मदतीला धावलो. गावात एवढी माणुसकी मी पुरातसुद्धा पाहिली नव्हती. सकाळी नाश्त्याला डायनरमध्ये कोच बसले, की जो तो कागदी रुमालावर डाव आखून त्यांच्यापुढे सरकवायचा. दातांचे डॉक्टर, पोस्टमन, डुकरांचे व्यापारी, सगळे. बाण काय, वर्तुळं काय! एकानं तर बारा खेळाडूंचा डाव काढला होता. कोच प्रत्येक रुमाल नीट घडी घालून खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, "विचार करतो हं यावर." घरी वहिनी त्या रुमालांनी चष्मा पुसायच्या. सव्वीस वर्षांत वहिनींच्या चष्म्यावर एक डाग कुणी पाहिला असेल तर सांगा.

आता त्या चौथ्या प्रयत्नाबद्दल बोलतो, कारण त्यावाचून तुम्ही मला जेवू देणार नाही. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. तीन फसले, तर चौथ्याला एक तर जिवावर उदार होऊन घुसायचं, नाही तर लाथ मारून चेंडू लांब धाडायचा. हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. बारा साली होमकमिंगला, म्हणजे जुने विद्यार्थी गावी परततात त्या सामन्याला, सेंट ऑल्बर्टसारख्या जन्माच्या वैऱ्याविरुद्ध, अर्धा यार्ड हवा होता. कोच म्हणाले, घुसा. घुसलो, फसलो, हरलो. सगळं गाव म्हणालं, "अरे, लाथ मारायला काय झालं होतं या माणसाला?" गेल्या ऑक्टोबरात पुन्हा होमकमिंग, पुन्हा सेंट ऑल्बर्ट, पुन्हा तोच अर्धा यार्ड. कोच म्हणाले, मारा लाथ. मारली, हरलो. सगळं गाव म्हणालं, "अरे, अर्धा यार्ड! घुसायला काय झालं होतं?" दोन्ही वेळा हे सर्वात मोठ्यानं ओरडणारे गृहस्थ एकच होते. ते आज व्यासपीठावर आहेत, म्हणून मी नाव घेत नाही. लुंडग्रेनसाहेब, पाणी घ्या.

बरं. आता आपल्या प्रथेकडे वळतो.

आपल्या गावाची एक थोर प्रथा आहे. शनिवारी संघ हरला, की रविवारी पहाटे कोचच्या अंगणात 'घर विकणे आहे'चे बोर्ड रोवायचे. म्हणजे काय, की बाबा, आता तुझं चंबूगबाळं आवर. तोंडानं कुणी बोलायचं नाही. आपण सभ्य माणसं. ही प्रथा कधी सुरू झाली, कुणी केली, असं विचारलं तर जो तो म्हणतो, "अहो, पूर्वापार चालत आलंय." हे बोर्ड मिळतात कुठे? टीग्लर हार्डवेअरमध्ये. एरवी वर्षाला चार खपतात. ऑक्टोबरात चाळीस. ऑगस्टमध्ये सरावाला जाऊन डाव चालवणाऱ्या आपल्या क्वार्टरबॅकचा गुडघा एकदा निरखून यायचं आणि मग बोर्डांची ऑर्डर द्यायची, हे माझं धंद्यातलं गुपित आज मी जाहीर करतो.

आणि पहाटे बोर्ड रोवून आपण जायचो कुठे? चर्चला. तिथे 'शांती असो' म्हणून शेजाऱ्याचा हात हातात घ्यायची वेळ आली, की कोच सगळ्यांचे हात घ्यायचे. हॅरिएट बायरच्या नवऱ्याच्या तळव्याला एकदा बोर्ड ठोकताना लागलं होतं. कोचनी तो हात उलटा करून पाहिला. "लागलं की रे तुला! घरी जाऊन धुऊन घे." त्या दिवशी पास्टरसाहेबांचं प्रवचन होतं, शेजाऱ्यावर प्रेम करा. फार सुंदर झालं. पास्टरसाहेबांच्या बुटांना कोचच्या अंगणातली ओली माती होती, तेवढं सोडलं तर.

त्या बोर्डांचं पुढे काय व्हायचं? वहिनी चर्चहून आल्या, की एकेक उपटायच्या आणि मागच्या अंगणात न्यायच्या. खुंट टोमॅटोला, पत्रे खुराड्याला. दोन कोंबड्यांच्या चाळीस झाल्या त्या आपल्या कृपेनं. चारी भिंतींवर आणि छपरावर 'विकणे आहे, विकणे आहे' लिहिलेलं ते जगातलं एकमेव खुराडं असेल. दे मॉइनहून आलेला एक भला माणूस थांबून खरोखरच त्याची चौकशी करून गेला होता. नऊ साली तर गंमतच झाली. तो आपला सोन्यासारखा हंगाम. अकरा सामने, अकरा विजय. तुम्ही कोचना खांद्यावर घेऊन मेन स्ट्रीटवरून मिरवलंत, आणि नोव्हेंबरात वहिनी माझ्या दुकानात येऊन उभ्या. चेहरा उतरलेला.

"व्हर्नभाऊ, यंदा एकसुद्धा बोर्ड आला नाही हो. छपराला दोन कमी पडतायत. बर्फ आत येईल."

मी दोन दिले. फुकट दिले, म्हणून मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

आणि कोच? कोच सोमवारी यायचे. बोर्ड उपटला की हिरवळीत भोकं पडतात, एका बोर्डाची दोन. कोच काउंटरवर हात टेकून उभे राहायचे आणि म्हणायचे, "व्हर्न, एक पाकीट दे." हिरवळीच्या बियाणाचं पाकीट. बाकी काही नाही. घरी जाऊन गुडघ्यांवर बसून एकेका भोकात बी टाकायचे. म्हणजे बघा, शनिवारी मी बोर्ड विकायचो आणि सोमवारी बियाणं. दोन्हीकडून माझंच भलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. आपण नाचणाऱ्याला काही बोललो नाही, सरळ त्याचं अंगणच खणून काढलं.

आता जरा अवघड भाग आहे. मॅडम, सात मिनिटं झाली, मला दिसतंय. घड्याळ खाली ठेवा.

डिसेंबरातल्या पहिल्या सोमवारी कोच आले. मी सवयीनं बियाणाचं पाकीट काढलं. कोच म्हणाले, "ते नको, व्हर्न. एक बोर्ड दे."

मी हसलो. म्हटलं, "आता कुणाच्या अंगणात? नव्या कोचच्या? अहो, त्याला येऊ तरी द्या!"

"माझ्याच," कोच म्हणाले. "घर खरंच काढतोय विकायला. अर्लीनच्या बहिणीकडे जाऊ म्हणतो, ॲरिझोनाला."

"वहिनी तयार आहेत?"

"ती कोंबड्यांशी बोलते आजकाल, माझ्याशी नाही." मग म्हणाले, "इतकी वर्षं लोक सांगतायत, व्हर्न. कधीतरी ऐकायला हवं ना माणसानं."

मी बोर्ड दिला. काय करणार होतो? त्यांनी स्वतः रोवला, खाली ठळक अक्षरांत आपला फोन नंबर लिहिला. आणि सहा आठवडे, मंडळी, सहा आठवडे एक फोन आला नाही! येईल कसा? आपण सगळे तिथून गाड्या नेत होतो, हॉर्न वाजवत होतो, हसत होतो. "अरे, हंगाम संपला तरी कुणीतरी रोवलाय बघ अजून!" लांडगा आला रे आला, तशी गत. आणि घरात खिडकीशी बसून कोच वहिनींना काय म्हणत होते ठाऊक आहे? "बघ, अर्लीन. आपण जावं असं सगळ्यांना वाटतंय, पण आपलं घरसुद्धा कुणाला नकोय."

हे मला वहिनींनी सांगितलं. गेल्या गुरुवारी मी अंड्यांच्या निमित्तानं गेलो होतो. नऊ खोकी दारात भरून ठेवलेली. वहिनी म्हणाल्या, "या मागे, तुम्हाला एक दाखवायचं राहिलंय." खुराड्यात वाकून शिरलो. आत, अंडी घालायच्या कप्प्यांच्या वर, पावसापाण्यापासून अगदी सुरक्षित, एक जुना बोर्ड नीट चार स्क्रूंनी बसवलेला होता. वहिनी म्हणाल्या, "हा पहिला. अठ्ठ्याण्णवचा." खाली फोन नंबर होता.

तो नंबर टीग्लर हार्डवेअरचा होता.

मंडळी, आपली प्रथा पूर्वापार नाही. ती मी सुरू केली. आधीचे कोच हरत होते तेव्हा कुणी बोर्ड लावत नव्हतं, आठवून पाहा. अठ्ठ्याण्णवच्या पहिल्या सामन्यात कोचनी माझ्या पोराला, क्लेटनला, बाकावर बसवलं. क्लेटन आपला लाथा मारणारा, तीन वर्षांत गोलखांबांमधून एक चेंडू चुकवला नव्हता त्यानं. आणि आपण हरलो दोन गुणांनी. एका लाथेचे तीन मिळतात. माझ्या डोक्यात तिडीक गेली. वडिलांचं जुनं घर विकलं तेव्हाचा बोर्ड गोडाऊनमध्ये पडला होता, तो उचलला आणि रविवारी पहाटे कोचच्या अंगणात ठोकला. रागाच्या भरात खालचा नंबर पुसायचं भान राहिलं नाही. चर्चला जाता-येता अर्ध्या गावानं लांबून बोर्ड पाहिला, आणि पुढच्या रविवारी तीन लागले. तिसऱ्या रविवारी अकरा. मी लगेच बोर्डांची ऑर्डर दिली. हो, दिली.

मार्चमध्ये क्लेटननं मला खरं सांगितलं. त्याचा घोटा सुजलेला होता. बापाला कळू नये म्हणून तो घरी दोन-दोन मोजे घालून वावरत होता. बापाला कळलंही नाही. कोचना त्याला पायऱ्या उतरताना पाहूनच कळलं. त्या दिवशी लाथ मारली असती तर पोर जन्माचा लंगडा झाला असता, असं डॉक्टर म्हणाले. क्लेटन मागे उभा आहे, विचारा त्याला. तेव्हाच मी कोचकडे जायला हवं होतं. नाही गेलो. लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, धंदाही बरा चालला होता.

खुराड्यात मी वहिनींना विचारलं, "म्हणजे कोचना पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"त्याच रविवारी," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, जा आणि चांगलं खडसाव त्या टीग्लरला. तर म्हणाला, 'अगं, गावात बियाणाचं दुकान एकच आहे. भांडून कसं चालेल?'"

दुकान एकच नव्हतं, मंडळी. हायवेवर मोठं दुकान होतं, माझ्यापेक्षा स्वस्त होतं. तरी हा माणूस सव्वीस वर्षं दर सोमवारी माझ्याच काउंटरवर आला. मी कधी एकदा तोंड उघडतो, याची वाट बघत होता की काय, देव जाणे. मला गुरुवारपासून झोप नाही. आज उघडतोय तोंड. कोच, तो बोर्ड मी लावला होता. माझं चुकलं.

नाही कोच, बसा. अजून संपलं नाही.

आता मी एकटाच का उभा राहू? ज्यांनी ज्यांनी या सव्वीस वर्षांत कोचच्या अंगणात एकदा तरी बोर्ड रोवला असेल, त्यांनी कृपा करून उभं राहावं. लाजू नका. कुणी किती नेले, हे दुकानदाराला पाठ असतं.

हं. बायर, उठा. पोस्टमन, तुम्ही. डॉक्टर, पाय दुखतोय हे कारण दातांच्या डॉक्टरला शोभत नाही. शाब्बास. पास्टरसाहेब, देव तुमचं भलं करो. लुंडग्रेनसाहेब, तुम्ही उठलात हे बरं झालं, नाही तर मी आकडा सांगणार होतो. आणि... मॅडम? तुम्हीसुद्धा? विद्यार्थिनी होतात तेव्हा? कुठल्या सालच्या, दोन हजार तीन? अहो, तरीच तो बोर्ड उलटा लावलेला होता.

कोच, बघा जरा समोर. बसलेलं कुणी दिसतंय का? अर्लीनवहिनी सोडून कुणी नाही. तुम्हाला वाटलं, या गावाला तुम्ही नकोसे झालात. अहो, नकोशा माणसासाठी कुणी सव्वीस वर्षं थंडीत पहाटे उठतं का? आम्हाला दुसरं काही येत नाही. जिंकलो की खांद्यावर, हरलो की अंगणात. मधलं काही कुणी शिकवलंच नाही आम्हाला. संघ तुमच्याकडून समितीनं काढून घेतला, त्याला मी दुकानदार काही करू शकत नाही. पण गाव काही समितीच्या मालकीचं नाही.

तर मी आज सकाळी एक आगाऊपणा केलाय. तुमच्या अंगणातला तो बोर्ड काढून आणलाय. हा इथे, टेबलाखाली आहे. जमीन दगडासारखी गोठलीय, उपटेना, म्हणून पाय करवतीनं कापले. दोन खुंट अजून तिथेच आहेत. बर्फ वितळला की ते मी स्वतः काढीन, भोकं बुजवीन आणि बी टाकीन. पण हिरवळीचं बी आता एप्रिलशिवाय रुजायचं नाही, कोच. म्हणजे एप्रिलपर्यंत तरी तुम्हाला थांबावं लागेल. उगवलं की नाही ते बघायला मे. मग टोमॅटो लावायची वेळ येते, आणि टोमॅटो सोडून ॲरिझोनाला कोण जातं?

समारोप करतो. अध्यक्षांचे आभार, की त्यांनी मला सातऐवजी वीस मिनिटं बोलू दिलं आणि शेवटी उभं राहून ऐकलं. समितीचे आभार, जेवण त्यांच्यातर्फे आहे. स्वयंपाकघरातल्या बायकांचे आभार, हॅम आता गार झालं असेल. अशा वेळी वक्ता म्हणतो, की बोलताना काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. भाषणातलं राहू द्या, कोच. ते मी जाणूनबुजून बोललो. अंगणातलं तेवढं पोटात घाला.

आता कोच दोन शब्द बोलतील. या, कोच. हा बोर्ड जरा बाजूला ठेवतो, तुमच्या पायात येईल. कुठे ठेवू?

काय म्हणालात, वहिनी? जरा मोठ्यानं, मागे ऐकू जात नाही.

वहिनी म्हणतायत, इकडे द्या तो. खुराड्याच्या छपराला एक कमीच पडतोय.